ने-आणीच्या गाडीतली भोवळ

ही हकिकत मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण कोणी विचारतच नव्हतं. आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात एक तपासणी नमुना आहे. त्यावर माझी सही आहे, आणि सहीच्या वर माझ्याबद्दल एक वाक्य आहे, ते खोटं आहे. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडे असते आणि ग्रामसेवक दर काही वर्षांनी बदलतो. आणखी एखाद-दोन बदलले की तो कागद रद्दीत जाईल, आणि मग मला लिहायला निमित्तही उरणार नाही. म्हणून आता लिहितो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, आणे पठारावर, मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. मी तिथल्याच शाळेत शिकवत होतो. नोकरी संपली, पण 'गुरुजी' हे काही संपलं नाही. कुठेही निःपक्षपाती माणूस लागला की मला बोलावतात. निःपक्षपाती म्हणजे ज्याला दुपारी दुसरं काम नसतं असा.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की पठारावर दवाखान्याची अडचण दोन प्रकारची असते. माणूस अगदी अत्यवस्थ असेल तर फोन केल्यावर सरकारी गाडी येते. पण जो मरायला टेकलेला नाही आणि ज्याला चालताही येत नाही, त्याच्यासाठी ती गाडी नसते. कुणाचं डायलिसिस असतं, कुणाचं प्लॅस्टर काढायचं असतं, कुणाला ऑपरेशननंतर घरी आणायचं असतं. अशांना घाट उतरून बेल्ह्यावरून आळेफाट्याला न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम. हे काम करणाऱ्या गाडीला गावात 'ने-आणीची गाडी' म्हणत. पंचायतीच्या कागदावर 'बिनतातडीची रुग्णवाहिका सेवा' असं होतं.

बरीच वर्षं ही गाडी एकच होती आणि तिचा मालक ती स्वतःच चालवत होता. माझाच विद्यार्थी. वर्गात हुशार नव्हता, पण त्याच्या हातून कधी दौत सांडली नाही. गाडी जुनी होती. तिचे स्प्रिंगचे पाटे त्याने आळेफाट्याच्या गॅरेजात दोनदा बदलून घेतले होते, आणि बदलल्यावर दर वेळी स्वतः मागे स्ट्रेचरवर आडवा झाला होता. भावाला गाडी चालवायला लावून त्याने अख्खा घाट पाठीवर पडून मोजला होता. कुठल्या वळणावर पेशंटचं डोकं दाराकडे सरकतं, कुठला गतिरोधक रंगवलेला नाही, हे त्याला पाठीने माहीत होतं. गुडघ्याखाली द्यायला घडी केलेली गोधडी असायची. गाडीला भोंगा होता, पण तो वाजलेला मी कधी ऐकला नाही.

वरच्या वस्तीवरची एक म्हातारी त्याच्या गाडीतून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची. ती म्हणायची, "गाडी कसली राव, पाळणा हाय."

मग दुसरा आला. याच्या दोन गाड्या, दोन्ही नव्या. एसी होता, मागच्या काचेवर पुढाऱ्याचा फोटो होता आणि भोंगे दोन होते. हा माणूस वाईट नव्हता. त्याला घाई होती, इतकंच. एकाच पेशंटच्या दारात दोघांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. एकदा एका माणसाचा प्लॅस्टरमधला पाय जुन्या गाडीत चढला आणि त्याची कपड्यांची पिशवी नव्या गाडीत गेली. पिशवी अर्धा तास आधी आळेफाट्याला पोचली. तिला घ्यायला तिथे कोणी नव्हतं.

तक्रारी आल्या. गाडीची कागदपत्रं आरटीओ बघतं, त्यात पंचायतीला काही अधिकार नाही. पण आरोग्य उपकेंद्रासमोरचा थांबा पंचायतीच्या जागेत आहे, आणि तिथल्या फलकावर कोणाचा नंबर रंगवायचा हे पंचायत ठरवते. तिथे ज्याची गाडी उभी राहील, त्यालाच पेशंट मिळणार. म्हणून ठराव झाला की थांब्याचा ना हरकत दाखला दोघांपैकी एकालाच द्यायचा. कोणाला द्यायचा ते चाचणी घेऊन ठरवायचं.

चाचणी कशी घ्यायची यावर मासिक सभेत चर्चा झाली. खरा पेशंट नेला तर त्याला त्रास होईल, असं सरपंचबाई म्हणाल्या. एक सदस्य म्हणाला, "पेशंटच्या जागी अंड्यांचे ट्रे ठिवा. कुणाची किती फुटली ते मोजा. हाय काय आन नाय काय."

सगळे हसले. मीही हसलो. पंचायतीच्या इतिहासात यापेक्षा शहाणी सूचना आली नसेल. अंडी भरसभेत खोटं बोलली नसती.

"अंडी सही कुठं करणार?" ग्रामसेवकाने विचारलं. त्याचंही बरोबर होतं. नमुन्याखाली 'प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याची सही' अशी जागा होती. तो नमुना त्याने शालेय पोषण आहाराच्या तपासणीवरून तयार केला होता. 'चव' खोडून तिथे 'आराम' लिहिलं होतं. 'खिचडीचे प्रमाण' हा रकाना खोडायचा राहून गेला होता.

तेव्हा ठरलं की रुग्ण म्हणून गुरुजींनी झोपायचं. म्हणजे आडवं व्हायचं.

चाचणी बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवली. सदस्यांना त्या दिवशी एरवीही बाजारात जायचंच होतं. सकाळी नवी गाडी आणि दुपारी जुनी, असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. नवा मालक आधी येऊन उभा होता म्हणून तो आधी. एक सदस्य मोटारसायकलवर मागून येणार आणि शेरे लिहिणार होता.

सकाळचा प्रवास मला आजही क्षणाक्षणाने आठवतो. पट्टा छातीला बांधला होता, पायाला बांधायचा राहिला होता. दोन्ही भोंगे चालू होते. पहिल्याच वळणावर सलाईनचा दांडा निसटून माझ्या नडगीवर पडला. दुसऱ्या वळणावर मी स्ट्रेचरसकट दाराकडे गेलो आणि तिसऱ्या वळणावर परत आलो. बेल्ह्याला बैल नेणारा टेम्पो आडवा आला, तेव्हा ड्रायव्हरने असा ब्रेक दाबला की मी उठून बसलो. पट्टा बांधलेला असताना हे कसं जमलं ते सांगता येत नाही. आळेफाट्याला पोचलो तेव्हा मी घामाघूम, पण पूर्ण जागा होतो. सदस्याने एकेक रकाना विचारला, मी एकेक उत्तर दिलं. वेळ: उत्तम. भोंगा: चालू. रुग्णाची स्थिती: सावध.

'आराम' या रकान्यात मी 'मध्यम' असं सांगितलं. नापास करताना शिक्षकाचा हात आखडतो.

परत वर आलो आणि त्याच सदस्याच्या घरी जेवलो. आमच्या पठारावर पाहुण्याला आमटी-भाकरी वाढतात, तेव्हा वाढणारा थांबत नाही आणि खाणाऱ्याने थांबवायचं नसतं. भाकरी चुरायची, वरून आमटी ओतायची, संपली की पुन्हा चुरायची. सकाळपासून माझ्या पोटात भीतीशिवाय काही नव्हतं. मी तीन वेळा चुरली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, मग डोळे जड झाले. जड डोळ्यांनीच मी जुन्या गाडीत आडवा झालो.

त्याने गोधडी माझ्या गुडघ्याखाली सरकवली. मान नीट केली. चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. "काय लागलं तर हाक मारा, गुरुजी. नुसतं हं केलं तरी चाललं, आरशात दिसतं मला."

गाडी सुरू झाली एवढं आठवतं. पठारावरचा सरळ रस्ता आठवतो. घाट आठवत नाही. बेल्ह्याचा बाजार त्या दिवशी भरला होता, पण माझ्यापुरता भरला नाही.

"गुरुजी! ओ गुरुजी!"

डोळे उघडले तर आळेफाट्याच्या दवाखान्याचं आवार. मागचं दार उघडं. कोणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं होतं. दहा-बारा माणसं वाकून बघत होती, त्यांत माझे जुने विद्यार्थी किमान तिघे. नर्स दंडाला पट्टा बांधत होती. "बीपी तर तरण्या माणसासारखं आहे," ती म्हणाली. "मग झालं काय यांना? किती वेळ हलवतोय आपण."

आता मला माझ्या वर्गाबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या वर्गात कोणाला डुलकी लागली तर मी मारत नसे. त्याला बाकावर उभं करत असे, आणि सगळ्या वर्गासमोर त्याने मोठ्याने म्हणायचं, "मी झोपलो होतो." आवाज शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत म्हणायचं. तीसेक वर्षं ही शिक्षा चालली. पठारावरची निम्मी गावं त्या बाकावरून उतरलेली आहेत. अजूनही लग्नात कोणी पेंगायला लागलं की पोरं ओरडतात, "चला, बाकावर!"

त्या दहा-बारा तोंडांकडे बघून मी म्हणालो, "भोवळ आली."

मोटारसायकलवरच्या सदस्याने लगेच पेन काढलं. "भोवळ? कुठं आली?"

"घाटात," मी म्हणालो. एकदा सुरुवात केली की पुढचं आपोआप येतं. "हवा खेळती नसावी."

तो जुना मालक माझ्या पायाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गाडीच्या खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती.

मला दुसऱ्याच गाडीतून वर आणलं, काळजी म्हणून. चपला जुन्या गाडीतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या घेऊन आला. पुसून आणल्या होत्या. उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि विचारलं, "तब्येत कशीय आता?"

"बरी आहे."

"काकू, जरा लक्ष ठिवा गुरुजींवर," असं माझ्या बायकोला सांगून तो गेला. तेव्हा बोलायला हरकत नव्हती. ग्रामसभा चार दिवसांवर होती, कागद अजून वाचला गेला नव्हता, आणि अंगणात आम्ही तिघंच होतो. मी चपला आत घेतल्या.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने दोन्ही नमुने वाचले. पहिल्यात सगळं होतं, दांडा पडल्याचंसुद्धा, पण ते 'साहित्य: उपलब्ध' या रकान्यात गेलं होतं. दुसऱ्यात बहुतेक रकाने रिकामे होते, कारण मला काही आठवत नव्हतं. शेवटी शेरा: 'प्रवासादरम्यान निरोगी इसमास भोवळ. रुग्ण पोहोचल्यावर प्रतिसाद देत नव्हता.'

मागून एकजण ओरडला, "धडधाकट माणूस आडवा झाला, पेशंटचं काय व्हनार?"

"गुरुजी वाचले हेच लई झालं," दुसरा म्हणाला. हशा पिकला.

सरपंचबाईंनी जुन्या मालकाला उभं केलं. "तुमचं काय म्हणणं आहे? काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. दाखला गेला तर थांब्यावर गाडी लावता येणार नाही."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. सभा ज्या खोलीत होती ती शाळेची होती, आणि तो उभा होता तिथेच शेजारी बाक होता. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "गुरुजी सांगत्यात म्हंजे तसंच असंल," तो म्हणाला. "माझं काय म्हणणं न्हाई."

मी भिंतीवरचा नकाशा बघत होतो. पुणे जिल्हा. आंबेगाव खाली, जुन्नर वर. नकाशा मीच लावला होता.

दाखला नव्या मालकाला मिळाला. फलकावर त्याचा नंबर आला. त्याने काम वाईट केलं नाही, फक्त दोन पेशंट झाल्याशिवाय गाडी घाट चढेना. डायलिसिसला जाणारी म्हातारी काही दिवस त्याच्या गाडीतून गेली. मग तिने आळेफाट्याजवळ लेकीकडे बिऱ्हाड हलवलं. पठार सोडायची तिची तयारी नव्हती, असं लोक म्हणाले. जुन्या मालकाने वर्षभर कोणी फोन करतंय का याची वाट पाहिली. मग स्ट्रेचर काढलं, बाक बसवले आणि कांदा काढणीच्या बायकांना रानात पोचवायला लागला.

मला वाटत होतं की खरं काय ते फक्त मला माहीत आहे. ही समजूत बायकोने मोडली. एकदा दुपारी जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. तिने भाजी वाढली.

"अहो, तुम्ही घोरता," ती म्हणाली. "शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारते. तो हातभर अंतरावर बसला होता. त्याला ऐकू आलं नसेल होय?"

मी घास खाली ठेवला. आरशात दिसतं, असं तोच म्हणाला होता. म्हणजे सबंध घाटभर त्याने पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं. दवाखान्याच्या आवारात माहीत होतं, चपला घेऊन आला तेव्हा माहीत होतं, सभेत टोपी हातात घेऊन उभा राहिला तेव्हाही माहीत होतं. दोन शब्द बोलला असता तर सगळी सभा हसली असती आणि दाखला त्याचा झाला असता. त्याने मला बाकावर चढवलं नाही.

"मग तो बोलला का नाही?" मी विचारलं.

"ते तुम्ही त्याला विचारा," ती म्हणाली. "आणि विचारायला जाल तेव्हा नुसतं विचारून येऊ नका."

मी आधी सोपा रस्ता धरला, म्हणजे सरकारी. ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेलो. ग्रामसेवक नवा होता. त्याने अर्ज दोनदा वाचला. "गुरुजी, म्हणजे तुम्हाला भोवळीच्या जागी झोप लिहायची आहे?"

"हो."

"झोपेला रकाना नाही. आणि खाली तुमचीच सही आहे. तुम्हीच तुमची सही खोटी म्हणणार का?" तो चांगला माणूस होता, त्याने चहा मागवला. "दाखल्याची मुदत संपली की परत अर्ज मागवू. तेव्हा त्यांना अर्ज करू द्या, तुम्ही या."

मुदत संपली. अर्ज एकच आला. ज्याच्या गाडीत स्ट्रेचरच नाही तो कशाचा अर्ज करणार?

त्याच्या घरी मी तीनदा गेलो. एकदा तो रानात होता. एकदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा एकटा होता, तर आम्ही कांद्याच्या रोपांवर बोललो. रोपांवर मी पुष्कळ बोललो.

गेल्या वर्षी बायको अंगणात पडली आणि खुबा मोडला. आळेफाट्याला ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी मी फलकावरच्या नंबरला फोन केला. दोन्ही गाड्या एका कार्यक्रमाला उभ्या होत्या, उद्या बघू म्हणाले. खाट रिकामी करायला नर्स दारात उभी होती. मी जुन्या मालकाला फोन केला. फोन करताना लाज वाटली, पण पाय बायकोचा होता.

दीड तासात तो आला. बाक काढून गाडीत गादी अंथरली होती. गुडघ्याखाली द्यायची गोधडी तीच होती, विटलेली. दोन वॉर्डबॉयना सांगून त्याने तिला चादरीसकट उचललं, मान नीट केली, आरसा तिच्याकडे वळवला. "काकू, काय लागलं तर नुसतं हं करा."

मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. आळेफाट्यापासून बेल्ह्यापर्यंत वाक्य जुळवत होतो. तसं ते जुळवायला काही नव्हतंच, मला भोवळ आली नव्हती, मी झोपलो होतो, माफ कर, एवढंच. बेल्ह्याला बाजाराचा दिवस होता. बैल रस्त्यात होते. त्याने गाडी थांबवली, हॉर्न वाजवला नाही, बैल जाईपर्यंत बसून राहिला. तेव्हा बोललो असतो तर वेळ भरपूर होता.

घाट लागला. पहिलं वळण गेलं, मला कळलंही नाही. मी घसा साफ केला. "त्या चाचणीच्या दिवशी..." मी म्हणालो. माझा आवाज शाळेतला निघाला, शेवटच्या रांगेत पोचेल असा.

त्याने आरशात पाहिलं आणि स्टिअरिंगवरचा एक हात हलकेच उचलला.

"गुरुजी, हळू. काकू झोपल्यात."

मी मागे वळून पाहिलं. ऑपरेशन झाल्यापासून वेदनेने तिचा डोळा लागला नव्हता. आता तोंड थोडं उघडं होतं, हात पोटावर सैल पडले होते. वळणावर तिचं डोकं तसूभरही हललं नाही.

दारात गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली. "आलो पण?" म्हणाली. तो हसला. शेजारची माणसं गोळा करून त्याने तिला आत नेलं, पलंगावर ठेवलं, गोधडी काढून घडी घातली. मी त्याला सोडायला बाहेर गेलो. तो गाडीत बसला, किल्ली फिरवली, मग खिडकीतून मान काढली.

"गुरुजी, घाटात काय तरी सांगत व्हता तुमी."

रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याने गाडी बंद केली आणि थांबला.

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश जा."

त्याला सांगितलं मी हे, सावकाश जा म्हणून.